बोटांचे ठसे आणि एका व्यापाऱ्याचं इमान : शेठ अहमद मुहम्मद काछलिया

दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गांधीजी उभे राहतात आणि ते रास्तच आहे. पण हा लढा पेटला कशावरून असं विचारलं, तर पुष्कळांना पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर त्यांना डब्यातून खाली उतरवल्याचा प्रसंग आठवतो. तो प्रसंग १८९३ चा. सत्याग्रह सुरू झाला त्यानंतर तेरा वर्षांनी आणि त्याचं कारण होतं बोटांचे ठसे. सरकारनं माणसाच्या शरीराची खूण घ्यावी का? घेतली तर कोणत्या अटीवर? एकदा दिलेली खूण परत मागता येते का? आज आधारच्या निमित्तानं आपण हे प्रश्न विचारतो. शंभर वर्षांहून आधी जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या भारतीय दुकानदारांनी ते विचारले होते आणि त्यासाठी तुरुंग भोगला होता.

त्या दुकानदारांचे पुढारी होते शेठ अहमद मुहम्मद काछलिया. दक्षिण आफ्रिकेत काछलिया हे नाव आजही आदरानं घेतलं जातं. आपल्याकडे ते फारसं घेतलं जात नाही. म्हणून त्यांच्या जीवनाची ही ओळख आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

परक्या मुलखातला व्यापारी

काछलिया मूळचे गुजरातचे, सुरत भागातले. त्या काळी गुजरात-कोकणच्या किनाऱ्यावरून कितीतरी मुसलमान तिजारतीसाठी आफ्रिकेला जात. ट्रान्सवाल हा सोन्याच्या खाणींचा प्रांत, तिथे पैसा खेळत होता. सुरती, मेमन, कोकणी, पठाण असे सगळे तिथे पोहोचले होते. काछलियांचं इंग्रजी शाळेत शिकलेलं नव्हतं, व्यवहारात गरजेपुरतं उचललेलं होतं. घरची भाषा गुजराती. पण माणूस डोक्यानं तल्लख आणि शब्दाला पक्का, अशी त्यांची बाजारात ओळख होती.

तिथला भारतीय व्यापार कसा चाले, हे इथेच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. गोरे घाऊक व्यापारी भारतीय दुकानदारांना मोठ्या रकमेचा माल उधारीवर देत. दुकानदार तो गावोगावच्या किरकोळ विक्रेत्यांना देई आणि वसुली होईल तशी रक्कम फेडत जाई. सगळा धंदा विश्वासावर उभा. भारतीय माणूस उधारी बुडवत नाही, ही त्या गोऱ्या व्यापाऱ्यांनाही खात्री होती, नाहीतर त्यांनी मालच दिला नसता. सरकारच्या लेखी मात्र हाच माणूस लबाड होता, खोट्या परवान्यावर प्रांतात घुसणारा होता.

काळा कायदा

बोअर युद्ध १९०२ मध्ये संपलं आणि ट्रान्सवाल इंग्रजांच्या ताब्यात आलं. आपण ब्रिटिश प्रजा आहोत, आता आपले दिवस बरे येतील, असं भारतीयांना वाटलं होतं. झालं उलटंच. एशियाटिक खातं नावाचं एक वेगळं खातंच निघालं. १९०३ मध्ये लॉर्ड मिल्नर यांनी भारतीयांना नव्यानं नोंदणी करायला सांगितलं. एकदा हे केलंत की पुन्हा नोंदणी नाही, असा दिलासाही दिला. पुढाऱ्यांनी सल्लामसलत केली, लोकांनी आपणहून अंगठ्याचे ठसे देऊन दाखले घेतले.

तीन वर्षांत तो दिलासा हवेत विरला. २२ ऑगस्ट १९०६ च्या सरकारी गॅझेटात एका नव्या कायद्याचा मसुदा आला. आठ वर्षांवरच्या प्रत्येक भारतीयानं, पुरुष असो की बाई, नव्यानं नोंदणी करायची. जुने दाखले जमा करायचे. अंगावरच्या खुणा लिहून द्यायच्या. दहाही बोटांचे ठसे द्यायचे. नवा दाखला कायम जवळ बाळगायचा आणि पोलिसानं रस्त्यात मागितला तर तिथल्या तिथे दाखवायचा. दाखला तपासायला पोलीस घरातसुद्धा शिरू शकत होता. दुकानाचा परवाना काढायचा तरी तो दाखवायचा. नोंदणी केली नाही तर दंड, तुरुंग किंवा थेट हद्दपारी.

दहा बोटांचे ठसे हा प्रकार सरकारला सुचला कुठून? याचं उत्तर आपल्याच देशात आहे. हुगळी जिल्ह्यात आणि पुढे कलकत्त्यात बोटांच्या ठशांवर इंग्रज अधिकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. एका माणसाचे ठसे हजारो ठशांतून शोधायचे कसे, ही खरी अडचण होती. ती सोडवण्यात मोठा वाटा होता खुलन्याचे काझी अझीझुल हक या गणिती डोक्याच्या तरुणाचा आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा. ठशांच्या आकारांवरून १०२४ खान्यांची मांडणी करून हकसाहेबांनी तो शोध सोपा केला. पद्धतीला नाव मात्र मिळालं पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. १९०० मध्ये हेन्री यांना दक्षिण आफ्रिकेत पोलीस दल उभारायला पाठवलं गेलं. जी विद्या बंगालमध्ये गुन्हेगार ओळखायला तयार झाली, ती ट्रान्सवालमध्ये एका अख्ख्या कौमेवर लावली गेली.

गांधीजींनी हेन्रींचं पुस्तक मिळवून वाचलं. दहा बोटांचे ठसे कायद्यानं फक्त गुन्हेगारांकडून घेतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. लोकांच्या मनाला नेमकं हेच लागलं. कायदा म्हणत होता की तू काही केलेलं नसलं तरी तू संशयित आहेस. तुझी आठ वर्षांची पोरसुद्धा संशयित आहे.

११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. तीनेक हजार माणसं आली. अध्यक्ष होते अब्दुल गनी. शेठ हाजी हबीब यांनी तिथे एक गोष्ट मांडली, ती सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हती. नुसता ठराव पुरे नाही, अल्लाहला साक्षी ठेवून कसम घ्या, असं ते म्हणाले. सत्याग्रहाची सुरुवात या कसमेपासून धरतात. सभेनंतर सरकारनं बायकांना वगळलं, बाकी मसुदा तसाच ठेवला. गांधीजी आणि हाजी वजीर अली शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. तिथून मंजुरी अडली, लोकांना हायसं वाटलं. पण १९०७ उजाडताच ट्रान्सवालला स्वराज्य मिळालं आणि नव्या पार्लमेंटनं तोच कायदा मार्चमध्ये झटपट पास करून टाकला. १ जुलै १९०७ पासून तो लागू झाला.

प्रिटोरियाच्या मस्जिदीत

काछलियांचं नाव घराघरात पोहोचलं ते ३१ जुलै १९०७ ला. प्रिटोरियाच्या मस्जिदीच्या आवारात मोठी सभा होती. विल्यम हॉस्केन नावाचे गोरे गृहस्थ जनरल बोथा यांचा निरोप घेऊन आले. हॉस्केन भारतीयांचे हितचिंतकच होते. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा होता की सरकार बलाढ्य आहे, कायदा मागे घेणार नाही, भिंतीवर डोकं आपटून काय मिळवणार?

त्यानंतर काछलिया उठले. तोवर ते पुढाऱ्यांच्या पहिल्या रांगेत नव्हते. ते गुजरातीत बोलले. सरकारची ताकद आम्हाला ठाऊक आहे, पण ते करून करून काय करील? तुरुंगात घालील, मालमत्ता घेईल, हद्दपार करील, फाशी देईल. ते सगळं सोसू, हा कायदा सोसवणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. बोलता बोलता चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, अंग थरथरू लागलं. उजव्या हाताची बोटं गळ्यावरून फिरवत त्यांनी खुदाची कसम घेतली की फासावर जाईन पण या कायद्यापुढे झुकणार नाही.

गांधीजी व्यासपीठावरच होते. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ते भाषण ऐकताना आपल्याला शंकेचं हसू आलं होतं. एवढी मोठी कसम हा माणूस निभावेल का, असं वाटलं होतं. त्या शंकेची नंतर त्यांना कायम शरम वाटत राहिली. हिंमत आणि निश्चय या दोन बाबतीत काछलियांच्या वरचढ माणूस आपण दक्षिण आफ्रिकेत पाहिला नाही आणि भारतातही नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

कसम घेणं सोपं असतं. त्याच दिवसांत प्रिटोरियातले काही सुखवस्तू लोक रात्री नऊ-दहानंतर अधिकाऱ्याला खाजगी जागेत बोलावून गुपचूप नोंदणी करून घेत होते. पेढी बुडेल, मुलाबाळांचं काय होईल, ही भीती खरी होती. त्यांना नावं ठेवणं आज आम्हाला सोपं आहे. तरी मुदत सरली तेव्हा सुमारे तेरा हजार भारतीयांपैकी पाचशेच्या आसपास लोकांनीच नोंदणी केली होती. चिनी रहिवासीही या लढ्यात आपल्या परीनं उतरले होते.

दिलेला ठसा आणि घेतलेला ठसा

जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींसह अनेकांना तुरुंगात टाकलं. महिना संपण्याआधीच जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. भारतीयांनी आपणहून नोंदणी करावी, मग कायदा रद्द होईल, असं गांधीजींनी त्या बोलण्यातून समजून घेतलं. त्याच रात्री मस्जिदीच्या आवारात सभा झाली आणि लोक खवळले. कालपर्यंत दहा बोटं गुन्हेगाराची म्हणत होतात, आज तीच द्या म्हणता? मीर आलम या पठाणानं १० फेब्रुवारीला नोंदणी कचेरीकडे निघालेल्या गांधीजींना रस्त्यात मारहाण केली. गांधीजींनी जखमी अवस्थेतच आपल्या दहाही बोटांचे ठसे दिले. शिकलेल्या आणि मालमत्ता असलेल्या लोकांना नुसती सही चालणार होती. ती सवलत त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही.

गांधीजींचा युक्तिवाद असा होता : जी गोष्ट जबरदस्तीनं करवून घेतली तर अपमान असते, तीच आपल्या मर्जीनं केली तर सौजन्य ठरते. आपण कुणाला आपखुशीनं सलाम करतो. तोच माणूस छाती दाखवून सलाम घ्यायला लागला तर हात वर जात नाही. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. भारतीयांचं भांडण शाईशी नव्हतं. ओळख पटवायलाही त्यांचा नकार नव्हता, १९०३ मध्ये त्यांनी अंगठे दिलेच होते. त्यांचा विरोध सक्तीला होता आणि त्या सक्तीमागच्या संशयाला होता.

पण तडजोडीत एक खोट निघाली आणि ती मीर आलमच्या रागापेक्षा मोठी होती. हजारो लोकांनी ठसे देऊन झाले आणि कायदा काही रद्द झाला नाही. आपण तसा शब्दच दिला नव्हता, असं स्मट्स म्हणू लागले. मग आमचे अर्ज आम्हाला परत द्या, अशी मागणी भारतीयांनी केली. इब्राहिम इस्माईल अस्वात यांच्या नावानं हा दावा ट्रान्सवालच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं तो फेटाळला. आपखुशीनं दिलेले अर्जसुद्धा एकदा सरकारच्या कपाटात गेले की परत मिळाले नाहीत.

अर्ज मिळेनात, म्हणून लोकांनी हातातले दाखले जाळायचं ठरवलं. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातल्या हमीदिया मस्जिदीच्या मैदानात सभा भरली. सरकारचं शेवटचं उत्तर एका स्वयंसेवकानं सायकलवरून आणून दिलं. उत्तर नकाराचं होतं. चार पायांच्या एका मोठ्या लोखंडी कढईत दोन हजारांच्या आसपास दाखले टाकले, त्यावर रॉकेल ओतलं आणि सभेचे अध्यक्ष शेठ युसुफ मिया यांनी काडी लावली. मीर आलमही आला होता. गांधीजींवर हात टाकला ही आपली चूक झाली, असं त्यानं भर सभेत सांगितलं आणि आपला जुना दाखला त्या आगीत दिला.

हमीदिया इस्लामिक सोसायटीचे इमाम अब्दुल कादर बावझीर यांचा या लढ्यात मोठा हात होता. त्यांचे वडील मुंबईच्या जुम्मा मस्जिदीत मुअज्जिन होते. इमामसाहेब पुढे साबरमती आश्रमात येऊन राहिले आणि १९३० च्या धारासना सत्याग्रहातही उतरले.

दिवाळं आणि सोळा आणे

सप्टेंबर १९०८ मध्ये युसुफ मिया हजला निघाले आणि ब्रिटिश इंडियन असोसिएशनचं अध्यक्षपद काछलियांकडे आलं. त्या वेळी हे पद म्हणजे मानाची खुर्ची राहिली नव्हती. तिच्यावर बसणारा तुरुंगात जाणार हे ठरलेलंच होतं. सरकारलाही एक गोष्ट कळली होती की व्यापाऱ्याला तुरुंगापेक्षा दुकानाची काळजी जास्त असते.

काछलियांना उधारीवर माल देणारे गोरे व्यापारी एकदम जागे झाले. लढा सोडा, नाहीतर आमची सगळी बाकी ताबडतोब चुकती करा, असा तगादा त्यांनी लावला. कोणत्याही व्यापाऱ्याकडे अशी रक्कम रोखीत नसते. ती मालात आणि येण्यात अडकलेली असते. काछलियांनी त्यांना सांगितलं की माझा सत्याग्रह ही माझ्या दीनाची आणि इज्जतीची बाब आहे, तिचा तुमच्या पैशाशी संबंध नाही. दुकानातला माल आणि बाजारातलं येणं मिळून तुमचं देणं पूर्ण फिटतं, वह्या तपासून बघा. वह्या चोख होत्या. पण त्यांना पैसा नको होता, माघार हवी होती.

इथे काछलियांपुढे दोन सोपे रस्ते होते. एक म्हणजे गुपचूप नोंदणी करणं. दुसरा म्हणजे इतर भारतीय व्यापाऱ्यांकडून उसने घेऊन वेळ मारून नेणं. त्यांनी दोन्ही टाळले. १९०९ च्या सुरुवातीला त्यांनी सगळा कारभार, माल, वह्या, येणं धनको व्यापाऱ्यांच्या हवाली केलं आणि दिवाळं पत्करलं. बाजारात दिवाळं निघणं म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी वाचकांना वेगळं सांगायला नको. आयुष्यभर कमावलेली अब्रू एका दिवसात लोकांच्या तोंडी लागते.

मग जे झालं ते दक्षिण आफ्रिकेच्या बाजारानं क्वचितच पाहिलं असेल. वर्षाच्या आत त्या गोऱ्या व्यापाऱ्यांचं देणं पौंडाला वीस शिलिंग या दरानं फिटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर रुपयाला सोळा आणे. दिवाळं निघालेल्या माणसाकडून आठ आणे मिळाले तरी नशीब, अशा बाजारात काछलियांनी कुणाची एक पै बुडवली नाही. त्यानंतर हेच व्यापारी त्यांना हवा तेवढा माल उधार द्यायला तयार झाले.

काछलियांच्या आयुष्यातला आम्हाला सर्वांत मोठा वाटणारा भाग हाच आहे. सरकार म्हणत होतं की या लोकांच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही, दहा बोटांचे ठसे घेतल्याशिवाय ते ओळखू येत नाहीत. काछलियांनी ठसे दिले नाहीत, हिशोब दिला. ज्याच्यावर कायद्यानं लबाडीचा संशय घेतला, त्यानं दुकान गमावूनही पै न् पै चुकती केली. कायद्याला त्यांनी दिलेलं हे उत्तर कुठल्याही भाषणापेक्षा भारी होतं.

तुरुंग, मुलगा आणि समझोता

जून १९०९ मध्ये लंडनला जायच्या शिष्टमंडळात काछलियांची निवड झाली होती. निघण्याआधीच त्यांना अटक झाली, मग हाजी हबीब आणि गांधीजी दोघेच गेले. अध्यक्ष असताना ते एकापेक्षा अधिक वेळा तुरुंगात गेले. पैसा गेला तरी संघटनेचं काम त्यांनी सोडलं नाही. हिंदू, मुसलमान, पारशी, तमिळ मजूर अशा सगळ्यांचा त्यांच्यावर भरवसा होता.

१९१० मध्ये सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. काछलियांनी आपला लहान मुलगा अली याला तिथे ठेवलं. तिथे सगळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकत, अंगमेहनत करत. रमजानात मुसलमान मुलांच्या सोबतीनं इतर मुलंही रोजे धरत आणि सगळे मिळून इफ्तारीला बसत. अलीनं कौमेची खिदमत करावी अशी बापाची इच्छा होती. अल्लाहची मर्जी वेगळी होती, तो मुलगा लहान वयातच गेला.

१९१२ मध्ये आपल्या कोकणचे गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले, तेव्हा जोहान्सबर्गच्या भारतीयांनी त्यांना सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं मानपत्र दिलं. १९१३ मध्ये केपच्या न्यायालयानं ख्रिस्ती पद्धतीनं न झालेली लग्नं कायद्यात धरली जाणार नाहीत असा निकाल दिला. निकाह आणि सप्तपदी एका फटक्यात नामंजूर झाले. मग बायकाही लढ्यात उतरल्या. शेवटी १९१४ मध्ये समझोता झाला. लग्नांना मान्यता मिळाली, गिरमिटमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला.

या समझोत्यातलं एक कलम वाचकांनी लक्षात ठेवावं. अंगठ्याचा ठसा असलेला रहिवासाचा दाखला हा प्रवेशाच्या हक्काचा पुरावा मानला जाईल, असं त्यात होतं. म्हणजे ठसा राहिलाच. फरक एवढाच की आधी तो सरकारच्या हातातली बेडी होता, आता तो ज्याचा आहे त्याच्या हातातला हक्काचा कागद झाला.

१९१८ मध्ये शेठ काछलिया अल्लाहला प्यारे झाले.

पुढच्या पिढ्या

काछलियांचे मुलगे मौलवी इस्माईल आणि युसुफ यांनी बापाचा वारसा सांभाळला. १९५२ च्या अन्यायी कायदे मोडण्याच्या मोहिमेत युसुफ काछलिया वॉल्टर सिसुलूंच्या बरोबरीनं चिटणीस होते. १९५५ च्या बांडुंग परिषदेला मौलवी काछलिया मोझेस कोटाने यांच्यासोबत गेले. युसुफ यांच्या पत्नी अमीना काछलियाही वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यातलं मोठं नाव. त्यांचे वडीलही गांधीजींच्या सत्याग्रहातले.

त्या काळी दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला पासबुक सक्तीचं झालं होतं. त्यामागे ठशांचं मोठं सरकारी दप्तर उभं होतं. जे १९०६ मध्ये तेरा हजार भारतीयांवर करू पाहिलं, ते अर्ध्या शतकानं लाखो आफ्रिकनांवर करून दाखवलं. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. काही दिवसांत अल्बर्ट लुथुली यांनी आपला पास जाहीरपणे जाळला. हमीदिया मस्जिदीच्या मैदानातली ती कढई पुष्कळांना तेव्हा आठवली असेल.

आज आपल्यासाठी

आधार योजनेचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाला. आधार म्हणजे ट्रान्सवालचा काळा कायदा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आधार एका कौमेसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे, आणि रेशन किंवा पेन्शन योग्य माणसापर्यंत पोहोचावी हा हेतू चांगला आहे. पण काछलियांच्या पिढीनं विचारलेले प्रश्न त्यामुळे संपत नाहीत. आपखुशीचं म्हणून सुरू झालेलं कधी सक्तीचं होतं? एका कामासाठी दिलेला ठसा दुसऱ्या कामाला वापरला तर विचारायचं कुणाला? उन्हातान्हात काम करून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्रानं ओळखला नाही तर त्याचं रेशन कुणी द्यायचं? पासवर्ड बदलता येतो, बोटं बदलता येत नाहीत.

आपल्या न्यायालयांनी हे प्रश्न ऐकले, ही समाधानाची गोष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक अशा निकालात आधार कायम राहिलं, पण बँक खातं आणि मोबाईलसाठीची सक्ती गेली. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, आधार नाही म्हणून मुलाचा लाभ अडवता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. शिक्षक म्हणून आम्ही पालकांना एवढंच सांगू की हे माहीत असू द्या. कुणी मुलाचा ठसा किंवा आधारची प्रत मागितली तर कशासाठी, कोणत्या नियमानं आणि ती कुठे राहणार, हे अदबीनं विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

काछलियांनी ओळख लपवली नाही. त्यांच्या वह्या उघड्या होत्या, दुकान उघडं होतं, कसमसुद्धा त्यांनी भर सभेत घेतली. आपल्याला गुन्हेगार समजून मागितलेलं मात्र त्यांनी दिलं नाही आणि त्यासाठी दुकानावर पाणी सोडलं. देणं तेवढं सोळा आणे फेडून टाकलं. अल्लाह मरहूम शेठ काछलियांना जन्नत नसीब करो आणि त्यांच्या इमानाचा काही अंश आपल्या मुलांच्या वाट्याला येवो.